बाबासाहेबांच्या नावाने आपण आपल्या लेकरांना धाक का घालतो?

गेल्या वर्षीची १३ एप्रिलची संध्याकाळ. वर्धा जिल्ह्यातील आमच्या वस्तीतले बुद्धविहार निळ्या पताकांनी सजलेले होते. जयंतीनिमित्त लहान मुलांची भाषणस्पर्धा ठेवली होती. आमची मुलगी तेव्हा साडेपाच वर्षांची. पंधरा दिवस आम्ही तिच्याकडून बारा ओळींचे भाषण पाठ करून घेत होतो. अंघोळ करताना भाषण, जेवताना भाषण, झोपताना भाषण. कार्यकर्त्यांची मुलगी आहे, तिचा पहिला नंबर आलाच पाहिजे, असे आम्ही उघड कधी बोललो नाही. पण आमच्या मनात तेच होते.

तिचे नाव पुकारले गेले. ती माईकसमोर उभी राहिली, "आदरणीय व्यासपीठ" एवढे म्हणाली आणि पुढचे सगळे विसरली. आम्ही खालून ओठ हलवून तिला शब्द सुचवत होतो. तिला काही दिसत नव्हते. मागे कुणीतरी हसले. तिने फ्रॉकचे टोक तोंडात धरले आणि तिथेच तिची लघवी झाली.

विहाराच्या मागे नेऊन तिला एक चापट बसली. आमच्या दोघांपैकी कोणी मारली हे सांगण्यात अर्थ नाही, कारण राग दोघांनाही आला होता. आजी धावत आली. तिने लेकराला पदराखाली घेतले आणि म्हणाली, "पोरीले मारून भीम शिकवता का बाप्पा? लेकरू हाये ते. भेलं."

रात्री झोपताना मुलीने विचारले, "आई, बाबासाहेब माह्यावर रागावले का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्या माणसाने आपल्याला कोणापुढेही मान वर करून उभे राहायला शिकवले, त्या माणसाची आमच्या मुलीला भीती वाटत होती. आणि ती भीती आम्हीच तिच्या मनात घातली होती. आज हा लेख लिहितो आहोत तो त्या एका प्रश्नामुळे. हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही याची आम्हाला खात्री आहे.

आपल्या समाजात मुलांच्या शिक्षणाचे वेड आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. ज्या आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला, तिने पोटाला चिमटा घेऊन पोरांना शिकवले. त्या शिक्षणानेच आपण इथवर आलो. पण अलीकडे या वेडाचे रूप बदलत चालले आहे. तीन वर्षांच्या पोराला विचारतात, "कलेक्टर होशील ना?" पोर खेळायला निघाले की म्हणतात, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करत होते, आणि तू?" गुण कमी पडले की भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवतात. हळूहळू पोराच्या मनात एक हिशेब तयार होतो. फोटोतले ते गृहस्थ सतत आपल्याकडे बघत असतात आणि आपण कायम कमी पडतो, असा तो हिशेब.

मग आम्ही स्वतःलाच विचारले, बाबासाहेबांचे बालपण कसे होते हे आपण मुलांना कधी सांगतो का?

बाबासाहेब चौदावे अपत्य. आई भीमाबाई ते लहान असतानाच गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले, आणि चांगले लाडावूनही ठेवले. लहानपणी ते खोडकर होते, हट्टी होते. साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी होते. ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी या मुलाला रोज मधल्या सुट्टीत देत. त्या भाकरीची चव बाबासाहेब पुढे मोठेपणीही विसरले नाहीत. वडील रामजी शिस्तीचे कडक होते हे खरे. पण मुलाने मागितलेले पुस्तक आणण्यासाठी ते आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात, तिचा दागिना मागून आणत आणि तो गहाण ठेवत. म्हणजे बाहेर अस्पृश्यतेचा वणवा पेटलेला असताना या मुलाभोवती लाड करणारी आत्या होती, भाकरी देणारा शिक्षक होता आणि पुस्तकासाठी लाज बाजूला ठेवणारा बाप होता. अठरा तासांची गोष्ट आपण लक्षात ठेवली आणि हे सगळे विसरलो.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी १९०१ सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. वडील कोरेगावला खजांची होते. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना बोलावले. मुले हरखून गेली. नवे कपडे शिवले, जरीच्या टोप्या आल्या. आयुष्यातला पहिला रेल्वेप्रवास! मसूर स्टेशनवर उतरली, स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली, आणि मुले महार आहेत हे कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि गाडीवान बाजूने चालत आला. सोबत खायला भरपूर होते, पण वाटेत पाणी कुणी देईना. मुले रात्रभर तहानलेली राहिली.

हा प्रसंग आपण अन्यायाचा पुरावा म्हणून नेहमी सांगतो, आणि तो आहेच. पण आई-बाप झाल्यावर आम्ही तो पुन्हा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर राहिल्या त्या टोप्या. शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसणे, शिपाई असेल तरच पाणी मिळणे हे त्या नऊ-दहा वर्षांच्या पोराला आधीपासून माहीत होते. तरीही त्या सकाळी तो आनंदात होता. जातीने त्याच्याकडून पाणी हिरावून घेतले, त्याआधी आनंद हिरावून घेतला. लहान मुलाच्या बाबतीत जात असेच काम करते. मुलाला तिच्या व्याख्या कळत नाहीत. समोरच्याचा बदललेला चेहरा मात्र त्याला कळतो.

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही सामाजीकरणावर पानेच्या पाने लिहिली. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सांगितले आहे की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या नजरेच्या आरशात पाहतो. परीक्षेत आम्ही हे छान लिहिले. विहाराच्या मागे चापट मारताना त्यातले काहीही आठवले नाही. त्याच अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर सारख्याच बाहुल्या ठेवल्या. फरक फक्त रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. शेवटी "तुझ्यासारखी कोणती?" असे विचारल्यावर काही मुले रडली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा त्या निकालात केनेथ क्लार्क यांच्या कामाचा दाखला दिलेला आहे.

यातून आपण काय घ्यायचे? न्यूनगंड कॉलेजात गेल्यावर येत नाही. तो बालवाडीच्या वयात घरात शिरतो. आणि त्याच्यासाठी दार उघडणारे प्रत्येक वेळी मनुवादीच असतात असे नाही. "काळीच झाली पोट्टी," असे आपल्याच घरातली मोठी माणसे म्हणतात. "वस्तीतल्या पोट्ट्यांसोबत खेळू नको, भाषा बिघडते," असे नोकरीला लागून कॉलनीत राहायला गेलेला आपलाच बाप म्हणतो. मग ते लेकरू स्वतःच्या आजीच्या बोलीला लाजायला लागते.

आता बाबासाहेब काय म्हणाले ते पाहू. २० जुलै १९४२. नागपूर, म्हणजे आमच्या वर्ध्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका जमल्या होत्या. आमच्या भागातल्या कुणाकुणाच्या आज्या-पणज्या तिथे असतील, याचा विचार करून अंगावर काटा येतो. त्या सभेत बाबासाहेबांनी आयांना सांगितले की मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा निर्माण करा, त्यांच्या मनातला कमीपणा काढून टाका. लग्नाची घाई करू नका, मुलांची संख्या मर्यादित ठेवा. आपल्याला मिळाली त्यापेक्षा चांगली सुरुवात प्रत्येक मुलाला देणे हे आई-बापाचे कर्तव्य आहे, असेही ते म्हणाले. हे सांगणारा माणूस कोण होता? गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे मातीआड करून आलेला बाप होता. एकटे यशवंतराव वाचले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देत तेच उभे राहिले होते. लेकरू जगणे, धड जगणे, ही त्यांच्यासाठी पुस्तकी गोष्ट नव्हती.

त्या भाषणातली महत्त्वाकांक्षा आपण उचलली. कमीपणा काढून टाकण्याचे काम मात्र तसेच राहिले. उलट महत्त्वाकांक्षेच्या नावाखाली आपण घरातच नवा कमीपणा तयार करतो आहोत.

इथे काही साथी आक्षेप घेतील. पहिला आक्षेप म्हणजे हे सगळे मध्यमवर्गीयांचे चोचले आहेत. पहाटे उठून स्वयंपाक करून वेचणीला जाणाऱ्या बाईला तुम्ही बालमानसशास्त्र शिकवणार का? प्रश्न योग्य आहे. आम्ही देवळी, सेलू, समुद्रपूर तालुक्यांतल्या गावांत बचतगट, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज यांची कामे करतो. दिवसभर वाकून कापूस वेचून आलेल्या बाईच्या हाताला उसंत नसते हे आम्ही पाहतो. पण आम्ही हेही पाहिले आहे की तीच बाई संध्याकाळी पारावर बसून नातवाच्या केसांत तेल घालते आणि त्याच्या शंभर प्रश्नांना उत्तरे देते. आमच्या घरी चापट अडवणारी आजी चौथीसुद्धा शिकलेली नाही. माया करायला पगार लागत नाही. वेळ मात्र लागतो, आणि तो एकट्या आईने कुठून आणायचा? म्हणून बापांनो, हा लेख तुमच्यासाठीही आहे. पोराला अंघोळ घालणे, वेणी घालणे, ताप आल्यावर रात्र जागवणे ही समतेची कामे आहेत. मंचावर स्त्रीमुक्तीवर बोलून घरी "पोरगं सांभाळ" म्हणणारा कार्यकर्ता आम्ही फार जवळून पाहिला आहे. कधी कधी आमच्याच घरात पाहिला आहे.

दुसरा आक्षेप असा की बाहेरचे जग क्रूर आहे, मग मुलांना आतापासून टणक करायला नको का? बाबासाहेबांनी सोसले म्हणूनच ते घडले ना? आमचे उत्तर असे की बाबासाहेबांवर हाल लादले गेले होते, ती संगोपनाची पद्धत नव्हती. त्यांच्याइतकेच सोसलेली लाखो पोरे होती, ती मातीत गेली. सोसण्याने माणूस घडतो असे म्हणणे म्हणजे सोसायला लावणाऱ्या व्यवस्थेला प्रमाणपत्र देणे आहे. जगाशी लढायला जे पोर बाहेर पडते, त्याला परत येऊन रडायला एक जागा हवी. घरीही धाकच असेल तर ते मनातले सांगणार कुणाला?

रोहित वेमुलाचे २०१६ आणि पायल तडवीचे २०१९ आपण विसरलेलो नाही. त्यांच्या बाबतीत दोष संस्थांचा आहे, त्या मुलांच्या किंवा त्यांच्या आयांच्या संगोपनाचा नाही. हे ठणकावून सांगितले पाहिजे, कारण "तुमची मुले नाजूक आहेत" असे म्हणून जबाबदारी झटकणारे पुष्कळ आहेत. संस्थांशी लढाई चालूच राहील. पण उद्या आपले मूल दूरच्या वसतिगृहात अडचणीत सापडले, तर रात्री दोन वाजता त्याला घरी फोन करावासा वाटला पाहिजे. "नापास झालो तर बाबा काय म्हणतील" ही भीती त्या फोनच्या आड यायला नको. तो विश्वास अठराव्या वर्षी तयार होत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी, सांडलेल्या दुधावर आपण काय बोललो यातून तयार होतो.

आपल्या धम्मात याचे उदाहरण आहे. राहुल लहान असताना तथागतांनी त्याला खोटे बोलण्याबद्दल समजावले. कसे समजावले? पाय धुण्याच्या भांड्यात थोडेसे पाणी ठेवले आणि विचारले, हे थोडे पाणी दिसते का? मग ते ओतून टाकले, भांडे उपडे केले, आणि प्रत्येक वेळी जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याच्या आयुष्याशी त्याची तुलना केली. पुढे विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच कोणतीही कृती करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर तिच्याकडे पाहावे, असे त्यांनी सांगितले. हातात वस्तू घेऊन, प्रश्न विचारून, मुलाला उत्तर देऊ देऊन शिकवणे. यात कुठेही छडी नाही. शाळेत मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केले. बुद्धाच्या अनुयायांना घरी ते बंद करण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

बाहेरच्या नजरेचे काय? आम्ही काम करतो त्यातल्या एका गावात अंगणवाडीत खिचडी वाटताना आपल्या वस्तीतली मुले शेवटी बसायची. कुणी "बसा" म्हणत नव्हते, ती आपोआप शेवटी जाऊन बसायची. चार वर्षांच्या पोरांना आपली जागा कळलेली होती! वास्तविक अंगणवाडीच्या कल्पनेचे मूळ याच्या अगदी उलट आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला काम सुरू केले. वंचित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आमच्या त्या गावात आयांनी सेविकाताईंशी भांडण न करता एकच मागणी केली. मुलांना गोल बसवा, गोलाला शेवट नसतो. मान्य व्हायला दोन महिने आणि तीन बैठका लागल्या. आता मुले गोल बसतात. आपली मुले आत्मविश्वासाने वाढावीत यासाठीचे आंदोलन असेही असते.

आमच्या घरी काय बदलले? फार काही मोठे नाही. मारायचे नाही हे ठरवले. ते दोनदा मोडले, आणि दोन्ही वेळा आम्ही मुलीची माफी मागितली. मोठ्यांनी लेकराची माफी मागायची हे आजीलाही आधी नवल वाटले. आठवड्यातली एक संध्याकाळ बैठकीला जायचे नाही, फोन बाजूला. विहारात रविवारी सकाळी वंदनेनंतर तासभर मुलांचा ठेवला. स्पर्धा नाही, नंबर नाही. लगोरी, चित्रे, गोष्टी, आणि मुलांना पडतील ते प्रश्न. पहिल्या रविवारी सहा मुले आली, आता पंचवीस-तीस येतात.

मागच्या पावसाळ्यात मुलगी शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आपण कोण हावो? वर्गातली एक पोरगी विचारत होती." हा दिवस येणार हे प्रत्येक आंबेडकरी आई-बापाला माहीत असते, तरी पोटात गोळा येतो. लपवायचे नाही आणि घाबरवायचेही नाही, एवढे आम्ही ठरवले होते. आम्ही म्हणालो, "आपण बौद्ध आहोत. खूप लोकांना एकदा वाईट वागवत होते. त्यांनी एकत्र येऊन 'आम्ही कुणापेक्षा कमी नाही' असे सांगितले. आपली पणजीही त्यांच्यात होती." तिने विचारले, "पणजी भेली नाही का?" आजी कोपऱ्यातून म्हणाली, "भेली असन. पण सगळ्याच होत्या ना संगं." पुढचा इतिहास ती मोठी होईल तसा सांगू. पण सुरुवात अभिमानापासून झाली, अपमानापासून नाही, याचे आम्हाला समाधान आहे.

यंदाच्या जयंतीला आमच्या विहारात लहान मुलांची भाषणस्पर्धा झाली नाही. ज्याला वाटेल त्याने माईकवर येऊन वाटेल ते सांगायचे, एवढेच ठेवले. दोघातिघांनी गाणे म्हटले, एकाने फक्त "जय भीम" म्हणून पळ काढला. आमची मुलगी बराच वेळ आजीच्या मांडीवर बसून होती. शेवटी उठली, माईक हातात घेतला आणि म्हणाली, "बाबासाहेब लहानपणी खोड्या करत होते. त्यांची आत्या त्यायचे लाड करे." आणि खाली येऊन पुन्हा खेळायला गेली.

तेव्हा साथींनो, तुमच्या विहारात, तुमच्या मंडळात, तुमच्या घरात हा विषय एकदा चर्चेला घ्या. पाच वर्षांच्या लेकरांच्या स्पर्धा बंद करता येतील का, रविवारचा एक तास त्यांना देता येईल का, एवढ्यापासून सुरुवात करा. आणि आज रात्री घरी गेल्यावर भिंतीवरच्या त्या फोटोकडे बोट दाखवून आपल्या लेकराला सांगा की हे आपल्यावर रागावत नाहीत.

नमो बुद्धाय. जय भीम.